अंगठा न जुळलेल्या माणसाचा हयातीचा दाखला

सरकारी पेन्शन घेणाऱ्याला वर्षातून एकदा आपण हयात आहोत हे सिद्ध करावं लागतं. बाकीच्यांसाठी त्याचा महिना नोव्हेंबर, ऐंशी ओलांडलेल्यांना एक ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, निवृत्त झाल्यापासून दरवर्षी स्वतः बँकेत जाऊन फॉर्मवर सही करून येत. मला त्यात कधी लक्ष घालावं लागलं नव्हतं. यंदा संध्याकाळी फोनवर म्हणाले, "बाई, बँकेवाले कागद घेत नाहीत. अंगठा पाहिजे म्हणतात, आणि माझा अंगठा लागत नाही."

आप्पा प्रेसमध्ये होते. नाशिकरोडला नुसतं 'प्रेस' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. १९२५ साली सुरू झालेली इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि तिच्या शेजारची नोटांची प्रेस. निम्म्या नाशिकरोडची घरं या दोन भोंग्यांवर उठली आणि झोपली. टपाल तिकिटं, कोर्ट फी स्टॅम्प, आणि सगळ्या देशाचे पासपोर्ट इथे छापले जातात. आप्पांची बरीच नोकरी पासपोर्टच्या कामात गेली. कागद, शाई, डिंक आणि यंत्र हाताळण्यात अख्खी हयात घालवलेल्या माणसाची बोटं कशी असतात ते मी लहानपणापासून बघते आहे. टोकं गुळगुळीत, मधूनमधून भेगा. आता वय त्र्याऐंशी, त्यामुळे कातडीही पातळ झालेली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्यांच्याबरोबर बँकेत गेले. शाखेचं नाव लिहीत नाही, कारण मला भांडण एका शाखेशी नाही. काउंटरवरचा मुलगा बोलायला नम्र होता. "काका, आता सगळं ऑनलाइन आहे. जीवन प्रमाण करून आणा, आमच्याकडे आपोआप येईल." जीवन प्रमाण म्हणजे आधारवरून ओळख पटवून निघणारा हयातीचा ऑनलाइन दाखला. मी विचारलं, अंगठा जुळत नसेल तर? "मग आधार अपडेट करा, मॅडम." म्हणजे यंत्राला माणूस ओळखता येत नसेल तर माणसाने स्वतःला दुरुस्त करून आणायचं. मी त्याच्याकडे कागदी फॉर्म मागितला, तर तो म्हणाला फॉर्म बंद झाले.

बँकेतून एका सेवा केंद्रात गेलो. तिथल्या मुलाने आप्पांची बोटं ओल्या फडक्याने पुसली, मग कोरडी केली, मग थोडं खोबरेल लावलं. प्रत्येक बोट यंत्रावर दाबून बघितलं. पडद्यावर दर वेळी तोच ३०० नंबरचा एरर. बोटाचा ठसा आधारमधल्या ठशाशी जुळत नाही, असा त्याचा अर्थ. तिथे काम करणाऱ्यांना हा आकडा पाठ असतो. "तीनशे आला," एवढंच एकमेकांना म्हणतात. मग चेहरा. २०२१ पासून हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवूनही काढता येतो. त्यासाठी दोन ॲप घ्यावी लागतात, एक जीवन प्रमाणचं आणि एक आधारचं चेहरा ओळखणारं. आप्पांना उजेडाकडे तोंड करून बसवलं, चष्मा काढायला लावला, डोळे मिटा-उघडा म्हणून सांगितलं. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे सूचना यायची एका क्षणी आणि डोळे मिटायचे दुसऱ्या क्षणी. आधारवरचा फोटो जुन्या शिबिरातला. तेव्हा आई होती, आप्पांचे गाल भरलेले होते. चेहराही जुळला नाही.

केंद्रातल्या त्या मुलाला मी दोष देणार नाही. त्याने जे जे येत होतं ते सगळं केलं आणि पैसेही घेतले नाहीत. पण त्याच बाकावर आमच्या आधीपासून एक आजी बसल्या होत्या, सिन्नरकडच्या. आयुष्यभर विड्या वळलेल्या. तेंदूचं पान आणि तंबाखू यांनी त्यांच्या बोटांवर रेषाच ठेवलेली नव्हती. त्यांना संजय गांधी निराधार योजनेचे पैसे मिळायचे, ते थांबले होते. आधार खात्याला नीट जोडलं की सुरू होतील असं त्यांना सांगितलं गेलं होतं, आणि ते जोडायला पुन्हा अंगठाच लागत होता. आप्पांना उशीर झाला तर आमच्या घरात चूल बंद पडणार नाही. आजींची गोष्ट तशी नव्हती.

आधार अपडेट करायला पोस्टात गेलो. सकाळी टोकन, दुपारी नंबर. ऑपरेटर बाईंनी दहाही बोटं घ्यायचा प्रयत्न केला, गुणवत्ता कमी म्हणून यंत्र नाकारत राहिलं. आप्पांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, तरी बुबुळांची नोंद बऱ्याच खटपटीनंतर लागली. पावती हातात आली. अपडेट व्हायला नव्वद दिवसांपर्यंत लागू शकतात, असं त्या म्हणाल्या. नोव्हेंबरअखेरपर्यंत दाखला गेला नाही तर पुढची पेन्शन अडकते. नव्वद दिवस धरले तर आम्ही जानेवारीत पोचत होतो.

मी त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आमच्या शाळेत आधारचं काम मीच बघते, त्यामुळे या यंत्राची दुसरी बाजू मला माहीत आहे. आमच्याकडे शिक्षकांची संचमान्यता, म्हणजे शाळेत किती शिक्षक राहणार हे, आधार वैध ठरलेल्या मुलांच्या संख्येवर काढलं जातं. मूल रोज वर्गात येतं, फळ्यावरचं वाचतं, खिचडी खातं, आणि पोर्टलवर त्याच्या नावापुढे 'अवैध' लागलेलं असतं. का, तर आधारवर नाव एका तऱ्हेने लिहिलंय आणि दाखल-खारीज रजिस्टरात दुसऱ्या तऱ्हेने. कुणाच्या आधारवर जन्मतारीख एक जानेवारी, कारण घरच्यांनी फक्त साल सांगितलं होतं. त्याच्या वडिलांची शाळेतली तारीख एक जून, कारण आमच्या आधीच्या गुरुजींनी दाखल करताना सगळ्यांची तीच लिहिली. दिवाळी झाली की यातली कितीतरी कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांमध्ये जगायला जातात. मुलांची बोटं पाचव्या आणि पंधराव्या वर्षी पुन्हा घ्यावी लागतात, पण शिबिर लागतं तेव्हा मूल बागेत असतं. मी गाड्या करून मुलांना तालुक्याला नेलं आहे, पालकांची एक दिवसाची मजुरी बुडवून. ते माझं काम आहे आणि करायलाही हरकत नाही. पण ज्या मुलाला आम्ही ओळखतो, ज्याच्या आईला ओळखतो, त्याचं वर्गात असणं पोर्टलने मान्य करेपर्यंत खरं धरायचं नाही, हे मला पटलेलं नाही.

घरी आल्यावर आप्पांशी याच विषयावर बोलणं झालं. आप्पा आधारच्या विरोधात नाहीत. प्रत्येक माणसाकडे एक पक्कं ओळखपत्र असलंच पाहिजे, असं ते पहिल्यापासून म्हणतात. खोट्या कागदाने काय होतं ते त्यांनी जवळून पाहिलं आहे. तेलगीच्या मुद्रांक घोटाळ्यात प्रेसमधून मोडीत काढलेली यंत्रं त्याच्यापर्यंत पोचली होती. तो काळ प्रेसच्या कामगारांना फार लागला. मेलेल्या माणसांच्या नावावर पेन्शन उचलली जाते, बोगस शिधापत्रिकांवर धान्य उचललं जातं, हे त्यांना माहीत आहे आणि त्याची त्यांना चीड आहे. मलाही आहे. रोजगार हमीची मजुरी मधल्या कुणाच्या हाताला न लागता बाईच्या खात्यात जाते, तेव्हा त्याचं श्रेय या क्रमांकालाही आहे, हे मी माझ्या गावात बघते.

पण त्या रात्री ते जे म्हणाले ते मी विसरणार नाही. प्रेसमध्ये प्रत्येक ताव मोजून घ्यायचा आणि मोजून द्यायचा. खराब निघाला तर तो कोणाच्या पाळीत निघाला, कोणत्या यंत्रावर निघाला याची नोंद व्हायची, आणि तो खराब ताव नष्ट करतानाही मोजला जायचा. "छपाई चुकली तर जबाबदारी आमची असायची. पासपोर्ट ज्याच्या नावाचा, त्याला कुणी म्हणायचं नाही की बाबा, तू नीट छापून ये." इथे अंगठा जुळत नाही तेव्हा कुठेच नोंद होत नाही की यंत्राला जमलं नाही. माणूस परत जातो. किती माणसं परत गेली याचा हिशेब काउंटरवर कुणीच ठेवत नाही.

राष्ट्रीय ओळखपत्राचा वाद आपल्याकडे बराच जुना आहे. कारगिलच्या युद्धानंतर, २००१ साली मंत्रिगटाने नागरिकांना बहुउद्देशीय ओळखपत्र द्यावं अशी शिफारस केली होती. २००३ मध्ये नागरिकत्वाच्या कायद्यात तशी तरतूदही झाली. त्या कार्डाचा प्रश्न होता, नागरिक कोण. आधारने वेगळा रस्ता घेतला. २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नाशिक विभागातल्या नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली गावात, पहिला आधार क्रमांक दिला गेला. तो भारतात राहणाऱ्या कुणालाही मिळतो, म्हणून तो नागरिकत्वाचा पुरावा नाही, आणि कायद्यातही तसं लिहिलं आहे. त्या वेळी सांगितलं गेलं की आधार घेणं ऐच्छिक आहे. मागे कायदाही नव्हता. पहिलं विधेयक संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने, यशवंत सिन्हा अध्यक्ष असताना, डिसेंबर २०११ मध्ये नापसंत केलं. कायदा आला २०१६ मध्ये, तोही धन विधेयकाच्या वाटेने, म्हणजे राज्यसभेला ते अडवण्याचा अधिकार न ठेवता. तोवर कोट्यवधी लोकांची बोटं घेऊन झाली होती. आप्पांचीही त्यातलीच.

निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. ते तेव्हा ऐंशीच्या पुढचे होते, आप्पांच्या आताच्या वयाच्या आसपासचे. त्यांच्या याचिकेमुळेच २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. आणि २६ सप्टेंबर २०१८ ला पाच जणांच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार कायदा बराचसा कायम ठेवला. न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी वेगळा निकाल दिला आणि धन विधेयक म्हणून हा कायदा करणं ही राज्यघटनेशी केलेली फसवणूक आहे, असं म्हटलं. बहुमताच्या निकालानेही बँक खात्याला आणि मोबाइलला आधारची सक्ती रद्द केली, आणि आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाला योजनेचा लाभ नाकारता येणार नाही, असं सांगितलं.

हा निकाल १४४८ पानांचा आहे. आमच्या शाळेच्या मुलांसाठी मी त्यातली काही पानं पूर्वीच काढून ठेवली होती. आप्पांसाठी पुन्हा शोधायला बसले, तेव्हा हवं ते सापडलं. सरकारी अनुदानं आणि लाभ यांसाठी आधार मागता येतो ते आधार कायद्याच्या कलम ७ खाली. बहुमताचा निकाल म्हणतो की सरकारी कर्मचाऱ्याने नोकरी करून कमावलेली पेन्शन या 'लाभा'त येत नाही. ती त्याच्या हक्काची आहे. शिवाय मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारनेच अधिसूचना काढून सांगितलं आहे की जीवन प्रमाणसाठी आधार ऐच्छिक राहील आणि हयातीचा दाखला देण्याचे दुसरे मार्ग खुले ठेवले पाहिजेत. म्हणजे आप्पांचा कागदी फॉर्म कुणी बंद केलेलाच नव्हता. तो फक्त काउंटरपासून दिसेनासा झाला होता.

माझं या सगळ्या वादातलं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी जोर देऊन सांगते. कार्ड असावं की नसावं यावर विद्वान लोक वाद घालोत. कुठलीही ओळख-व्यवस्था चांगली की वाईट हे, ती नव्व्याण्णव माणसांना किती पटकन ओळखते यावरून मी ठरवणार नाही. शंभराव्या माणसाला नाही ओळखलं, तर त्याच काउंटरवर, त्याच दिवशी, त्याच्यासाठी दुसरा मार्ग आहे का, हे मी विचारेन. कायद्यात तो आहे. कलम ७ मध्येही आधार क्रमांक न मिळालेल्यांसाठी पर्यायी ओळखीची तरतूद आहे, आणि ओळख पटली नाही म्हणून कुणी पात्र माणूस वंचित राहणार नाही असं महान्यायवादींनी खुद्द न्यायालयात सांगितलं होतं. पण काउंटरवरच्या मुलाच्या पडद्यावर त्या मार्गाचं बटण नाही. त्याला तो शिकवलेला नाही. आणि समोरच्या म्हाताऱ्या माणसाला तो मागायचा असतो हेच माहीत नसतं. विडी वळणाऱ्या, दगड फोडणाऱ्या, द्राक्षाच्या कामात औषधात हात घालणाऱ्या, भांडी घासणाऱ्या माणसांची बोटं सगळ्यात आधी झिजतात. ज्यांनी हाताने सगळ्यात जास्त काम केलं, त्यांनाच यंत्र सगळ्यात आधी परत पाठवतं. याला मी तांत्रिक अडचण म्हणायला तयार नाही. हा अन्याय आहे.

मी अर्ज लिहिला, मराठीत, साध्या कागदावर. आप्पांचं नाव, पेन्शन ऑर्डरचा क्रमांक, बोट आणि चेहरा दोन्ही जुळत नसल्याचं, आधार अपडेटच्या पावतीची प्रत. मग निकालातला तो परिच्छेद आणि अधिसूचनेची प्रत जोडली. शेवटी लिहिलं की अर्जदार स्वतः आपल्यासमोर हजर आहेत, कृपया कागदी हयातीचा दाखला स्वीकारावा, आणि स्वीकारता येत नसेल तर तसं कारणासह लेखी द्यावं. हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. तोंडी 'होत नाही' म्हणणं सोपं असतं, सही करून 'होत नाही' लिहून देणं कुणालाच नको असतं.

या वेळी काउंटरवर न थांबता थेट शाखेतल्या अधिकाऱ्यांकडे गेलो. बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी अर्ज शांतपणे वाचला, आप्पांना खुर्ची दिली, संगणकावर त्यांचंच जुनं परिपत्रक शोधून काढलं. मग म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. फॉर्म आहे आपल्याकडे." कपाटातून काढला. आप्पांनी त्यांच्यासमोर सही केली, ती त्यांनी रेकॉर्डमधल्या सहीशी ताडून पाहिली, ओळखपत्र म्हणून पेन्शनचं पुस्तक बघितलं, स्वतः सही-शिक्का केला. पोच मागितली, तीही दिली. सगळं चहा पिऊन होईल एवढ्या वेळात आटोपलं. ऐंशी वर्षांवरच्यांना घरी येऊनही दाखला घेण्याची सोय आहे, पुढच्या वर्षी फोन करा, असं त्यांनी आपणहून सांगितलं. मी त्यांना विनंती केली की फॉर्म मिळतो अशी एक पाटी काउंटरवर लावा. त्यांनी काउंटरवरच्या त्या मुलाला बोलावून तिथेच समजावलं. पाटीचं अजून माहीत नाही. परवा त्या बाजूला जाणार आहे, तेव्हा बघेन.

डिसेंबरची पेन्शन वेळेवर जमा झाली. आधारचं अपडेट मात्र बोटांची गुणवत्ता कमी म्हणून फेटाळलं गेलं. त्यावर पुन्हा जायचं की नाही हे आम्ही अजून ठरवलेलं नाही. आप्पा म्हणतात जाऊ, नियमात राहिलेलं बरं.

सिन्नरच्या आजींचा फोन नंबर मी त्या दिवशीच घेऊन ठेवला होता. त्यांची गोष्ट जास्त अवघड आहे, कारण निराधार योजनेचे पैसे कलम ७ खालच्या लाभांसारखे धरले जातात आणि तिथे आधार मागता येतो. पण पर्यायी ओळखीचा मुद्दा तिथेही लागू पडतो. त्यांच्या नावाने तहसीलदारांना अर्ज दिला आहे, सोबत तलाठ्याचा रहिवासी दाखला, विडी कामगाराचं जुनं ओळखपत्र आणि सेवा केंद्रातल्या त्या मुलाने काढून दिलेले एरर ३०० चे छापील कागद. आवक क्रमांक मिळाला आहे. बुधवारी तहसील कचेरीत त्यांच्याबरोबर जायचं आहे. ज्यांच्या घरी असं कुणी असेल त्यांनी एवढं करा: यंत्राने नाकारल्याचा कागद दर वेळी मागून घ्या, अर्जावर आवक क्रमांक टाकून घ्या, आणि नकार लेखी मागा.